पालकांनी भरावयाचा कागद

६ ऑगस्ट, बुधवार

सूनबाई,

सोबत एक कागद आहे. खाली पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही कर आणि लगेच परत पाठव. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही आत घातलं आहे, तेव्हा वेळ नव्हता, पाकीट नव्हतं ही सबब चालणार नाही. माझ्याशी बोलायची गरज नाही. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून कागदाची पायरी चढले. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात धरावा लागतो.

कागद कसला ते सांगते, नाहीतर म्हणशील म्हातारीने पोरगी नावावर करून घेतली.

मुंगीच्या शाळेत यंदापासून सातवी ते नववीच्या मुलांसाठी मार्गदर्शन आणि समुपदेशन असा कार्यक्रम निघाला आहे. मी तुझ्या लेकीला विचारलं, समुपदेशन म्हणजे गं काय? म्हणाली, "एक बाई येतात. मुलांचं ऐकून घेतात." म्हटलं, पगार घेऊन? म्हणाली, "हो." म्हटलं, मग मी चार वर्षं फुकटात ऐकतेय ती कोण? तर म्हणाली, "आजी, तू ऐकत नाहीस, तू मध्येच बोलतेस." आठवीत गेली आणि जिभेला धार आली. कोणावर गेली ते मी लिहीत नाही.

जूनमध्ये प्रत्येक मुलाबरोबर एक कागद घरी आला होता. चाळीस प्रश्न आणि पुढे तीन रकाने, 'कधीच नाही', 'कधीकधी', 'रोज'. मुंगीने तो भरून नेला. मी फक्त खाली सही केली. पोरीने कुठे काय खुणा केल्या देव जाणे, पण कागद तपासून आला तो डोक्यावर लाल गोल घेऊन.

लाल गोल म्हणजे धोक्याची मुलगी. दर मंगळवारी त्या बाईंपुढे जाऊन बसायचं. बसू दे की, पंधरा मिनिटं बसल्याने कोणी झिजत नाही. पण लाल गोलवाल्या मुलांनी धारदार आणि तापणाऱ्या वस्तूंजवळ जायचं नाही असाही नियम निघाला आहे. म्हणजे कार्यशाळा बंद.

कार्यशाळेचं तुला माहीत नसणार. शाळेच्या मागच्या अंगाला एक लांबलचक खोली आहे. तिथे वीजकामाचे सर मुलांना तारा जोडायला, सोल्डरिंग करायला शिकवतात. आठवीच्या दुसऱ्या सत्रापासून तिथे वेगळा वर्ग भरतो. जागा बारा, सगळ्या आठवीतून. मुंगीने शाळेची बंद पडलेली घंटा चालू केली तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, यातली एक जागा हिची. तेव्हापासून पोरीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आता तिला त्या खोलीच्या दारातसुद्धा उभं राहू देत नाहीत. घरी रोज माझ्या तापलेल्या इस्त्रीशेजारी बसून अभ्यास करते ती, हे मी शाळेत जाऊन सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

लाल गोल काढायचा तर आधी पालकाची संमती, मग समुपदेशन, मग बाईंचा अहवाल, मग यादी. संमतीवर आईची किंवा बापाची सही लागते. तुझा नवरा ट्रेलर घेऊन गेलेला. महिन्यातून दोन दिवस घरी, त्यातला एक झोपेत. म्हणून त्याची सही मी केली. चार वर्षं प्रगतिपुस्तकावर मीच करते आहे, कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. या वेळी चुकलं एवढंच की त्याच कागदावर आजी म्हणून माझीही सही हवी होती, आणि मी दोन्ही एका बैठकीत एकाच पेनने ठोकल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी सह्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसत्या हसल्या. ओरडल्या असत्या तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

तर सही कर.

मुंगी बरी आहे. माझ्या खांद्याला लागते. चष्मा लागला आहे.

तुझी सासू


२० ऑगस्ट, बुधवार

सूनबाई,

सही पोचली. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी दोनदा झटकून बघितलं, सवयीने.

काल मंगळवार होता. मलाही बोलावलं होतं, म्हणून लॉन्ड्रीच्या माणसाला इस्त्रीच्या चादरी उशिरा मिळतील असं सांगून गेले. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. समुपदेशनाची खोली म्हणजे कालपरवापर्यंत खेळाच्या सामानाची खोली. फुटबॉलचा आणि ओल्या दोरखंडाचा वास अजून गेलेला नाही. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर झाडाचं चित्र आणि फांद्याफांद्यांवर हसरे-रडके चेहरे. मला बसायला पोरांनी उड्या मारायची लाकडी पेटी दिली.

बाईंना पोरं मंगळवारवाली म्हणतात, कारण बाकीच्या वारी त्या बाकीच्या शाळांत असतात. चार शाळा आणि ही एकटी. वय तुझ्याएवढंच असेल. एका हाताने डब्यातलं खात होती, दुसऱ्या हाताने नावं लिहीत होती. मला तिची दया आली असती, पण मी ठरवून गेले होते की येऊ द्यायची नाही.

"आजी, ती बोलतच नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारता काय?"

"मी विचारत नाही. मी तिला जागा देते."

"जागा? या खोलीत?"

मग बाईंनी मुंगीला झाडाचं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, यातला आजचा तुझा चेहरा कोणता? मुंगी चित्राकडे बघेचना. वर बघत होती. मग म्हणाली, "बाई, पंखा ठकठकतोय. पात्याचा स्क्रू ढिला झालाय. स्टूल मिळालं तर आवळून देते." मला वाटलं, चला, पोरीने तोंड उघडलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. समोरून उलट्या अक्षरांत वाचायला माझ्या चार इयत्ता पुरल्या. लिहिलं होतं, 'विषय टाळते.'

आता मला सांग, पंखा ठकठकत होता की नव्हता? होता. पोरगी कार्यशाळेत गेली नाही म्हणून गप्प झाली, गप्प झाली म्हणून लाल गोल पक्का झाला, लाल गोल पक्का म्हणून कार्यशाळा बंद. घाण्याला जुंपलेला बैलसुद्धा कधीतरी थांबतो. मी हे असंच्या असं बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "आजी, मला पटतंय हो. पण त्या कागदावर जे आहे ते मी कसं सोडून देऊ?"

मग मुंगीला बाहेर पाठवून त्यांनी मला कागद वाचून दाखवला. झोप नीट लागते का, कधीच नाही. जेवणात चव वाटते का, कधीच नाही. सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं का, रोज. एकतिसावा प्रश्न, आपल्यामुळे घरातल्या कोणाला त्रास झाला असं वाटतं का, रोज. तेरा वर्षांच्या मुलीने अशा खुणा केल्या तर तुम्ही काय कराल, म्हणाल्या.

खोलीत फार उकडत होतं. मी पाणी मागितलं, बाईंनी स्वतःच्या बाटलीतलं दिलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी जाताना गाठून सांगितलं की कार्यशाळेची यादी १९ सप्टेंबरला, शुक्रवारी लागणार. त्याआधी अहवाल चांगला आला तर ठीक, नाहीतर जागा पुढच्या मुलाला.

तू दवाखान्यात नर्स आहेस, म्हणून एक विचारते. समज, पोरगी ठणठणीत आहे आणि घरातलं दुसरंच कोणी तसं आहे, न झोपणारं वगैरे. तर शाळा पोरीला त्या घरात राहू देते का? असंच विचारते. शेजारी एकीचं चाललं आहे.

तुझी सासू


३ सप्टेंबर, बुधवार

सूनबाई,

"कागद कोणी भरला?"

चार वर्षांनी पत्र आलं ते तीन शब्दांचं. नर्स झालीस खरी. दुखतं तिथे बरोबर बोट ठेवतेस.

खुणा मुंगीने केल्या. उत्तरं माझी आहेत. शेजारी कोणाचं काही चाललेलं नाही.

जूनमधली दुपार होती. माझ्यापुढे हॉटेलच्या साठ चादरींचा ढीग, संध्याकाळी गाडी येणार. मुंगी खाली बसून कागद वाचत होती. वर ठळक अक्षरांत होतं, 'पालकांनी भरावयाचा कागद'. पालक म्हणजे मी. मला वाटलं, पालकांनी भरायचा म्हणजे चौकशी पालकांचीच. लॉन्ड्रीत कामाला लागले तेव्हाही असाच कागद भरून घेतला होता, दमा आहे का, फिट येते का, वाफेचा त्रास होतो का. म्हटलं, पोर सांभाळणारं माणूस धड आहे की नाही हे शाळा बघत असेल, आणि बघावंच. म्हणून खरंखरं सांगितलं. एवढं खरं मी डॉक्टरलाही सांगत नाही.

"झोप नीट लागते का?"

"कधीच नाही."

"जेवणात चव वाटते का?"

"मीच केलेलं, कशी वाटणार?"

"आजी, तीन रकान्यांतलं सांग."

"कधीच नाही."

"सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं का?"

"रोज. पण मग या चादरी कोण करणार?"

"त्याला रकाना नाही," म्हणाली, आणि 'रोज'वर खूण केली.

अशी चाळीस उत्तरं दिली. सांगू का, मला त्या दुपारी बरं वाटलं होतं. चादरीही लवकर झाल्या.

मंगळवारवालीने वाचायला सुरुवात केली तेव्हा दुसऱ्याच ओळीला मला कळलं की ती माझंच मला वाचून दाखवते आहे. तोवर मी समजत होते की माझी चौकशी वेगळी आणि लाल गोलाचा, मी नुसती सही केलेला, मुंगीचा कागद वेगळा. तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, मुंगीला तरी कुठे माहीत आहे, तिने निरागसपणे खुणा केल्या. दोन आठवडे मी त्याच भ्रमात काढले. तुझं पत्र आल्यावर परवा तिला समोर बसवलं.

"मुंगे, ते प्रश्न तुझ्याबद्दल होते हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. वर कंसात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पाल्याविषयी म्हणून."

"मग मला सांगायचं नाही का, भवाने?"

"तू उत्तरं देत होतीस. तुला असं कोणी विचारत नाही. म्हणून लिहीत गेले." मग म्हणाली, "मला वाटलं, वाचून त्या बाई तुला बोलावतील."

"बोलावलं तुला. तेव्हा का नाही सांगितलंस?"

तिने चष्मा काढला, काचा पुसल्या, परत घातला. "सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, ही आजी सांभाळायला बरी नाही. मग मला दुसरीकडे पाठवलं असतं."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हे. फक्त इथे पखालीला सगळं ठाऊक होतं. तीन महिने ती मुकाट्याने औषध पीत बसली, कार्यशाळा गेली तरी बसली, पण म्हशीचं नाव घेतलं नाही. मी तिला एक धपाटा घातला. मग दुसरा घालवेना.

आता एकतिसावा प्रश्न. हे लिहायला दोन दिवस लागले, त्यात तिसरा जाऊ नये म्हणून आत्ताच लिहिते.

मुंगी पाचवीत होती, तुला जाऊन वर्ष होत होतं. शाळेत बक्षीस समारंभ होता, तिला चित्रकलेचं दुसरं मिळालं होतं. तू फोन करून वेळ विचारलीस. मी दोन सांगितले. समारंभ अकराचा होता. पत्रिका माझ्या हातात होती, सूनबाई, मी वाचून दोन सांगितले. तू प्रवास करून आलीस तेव्हा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. तुला फोनवर म्हटलं, शाळेने ऐनवेळी बदललं, आणि तू फाटकातूनच परत गेलीस. मुंगी मला धरून घरी आली होती, दर दहा पावलांनी मागे बघत. तिला म्हटलं, तुझ्या आईला सवड नाही. त्यानंतर तू माझा फोन घेणं बंद केलंस. तुला संशय आला होता का, मला माहीत नाही. आला असेल तर बरोबर होता.

का केलं? मला चौथीतून काढून कामाला लावलं, आणि माझी सून लेकरू घरी ठेवून तिशीत नर्सिंगची पुस्तकं घेऊन बसते, हे मला पचलं नाही. त्यात तू पासही होत गेलीस. हे कारण म्हणून लिहिलं आहे, माफी म्हणून नाही. माफी मागायची मला सवय नाही, ती नीट जमायची नाही.

येत्या मंगळवारी मी जाऊन बाईंना सांगणार आहे की उत्तरं माझी आहेत. मुंगी म्हणते नको. मला भीती वाटते असं समजू नकोस.

वाटते.

तुझी सासू


९ सप्टेंबर, मंगळवार

सूनबाई,

घाईत लिहिते. शेवटची टपालगाडी पाचला जाते.

सांगून आले. पाच मिनिटांत सांगून झालं. उरलेली दहा मिनिटं बाईंनी काही विचारलं नाही. डबा बंद करून बाजूला ठेवला आणि समोर बसून राहिल्या. त्या दहा मिनिटांत मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. दहाची वीस झाली. बाहेर दोन मुलं ताटकळत होती, त्यांचा वेळ मी खाल्ला, त्याचं मला अजून लागून राहिलं आहे.

मग त्या मला मुख्याध्यापिकाबाईंकडे घेऊन गेल्या. मला वाटलं, आता कागद फाडतील, पोरीला कार्यशाळेत सोडतील, मी चारपर्यंत घरी. कसलं काय.

"कागद संगणकात चढलाय, आजी. तो काढता येत नाही."

"मग त्यावर दुसरा चढवा."

"चढवता येईल. पण आई किंवा वडिलांनी इथे समोर बसून भरायला हवा. आजीने भरलेला चालणार नाही."

"पहिला चालला की!"

"तो चालला म्हणूनच हे झालं ना?"

बाई गोड बोलते, तिच्याशी भांडता येत नाही. मंगळवारवालीने माझी बाजू घेतली, म्हणाली, मी लिहून देते की मुलगी ठीक आहे. तर तिलाच ऐकावं लागलं, आधीच्या चार अहवालांत 'विषय टाळते' कोणी लिहिलं म्हणून. बिचारीची मान खाली गेली. चार शाळांचं गाठोडं डोक्यावर, त्यात माझ्यामुळे हे.

निघताना मुख्याध्यापिकाबाई आणखी एक म्हणाल्या, तेही लिहिते, लपवत नाही. म्हणाल्या, अशी उत्तरं देणाऱ्या माणसाकडे मुलगी ठेवायची की नाही, याचा विचार आईने करावा.

तुझा नवरा २८ तारखेपर्यंत येत नाही. फोन केला तर म्हणतो, गाडी अर्ध्यात सोडून कसा येऊ. यादी १९ ला, शुक्रवारी. मंगळवारवाली शाळेत असणार १६ ला. म्हणजे एकच दिवस आहे आणि एकच माणूस आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव कोण ते तू ठरव, मी पाय धरते आहे एवढं खरं.

मंगळवार, १६ सप्टेंबर, साडेअकरा. माझ्या शब्दावर येऊ नकोस. शाळेकडून शिक्का मारलेलं पत्र मागून घेतलं आहे, सोबत जोडलं आहे. त्यावर वेळ छापलेली आहे. वाटल्यास शाळेत फोन करून खात्री कर, नंबर खाली आहे.

मुंगीला न्यायचं ठरवलंस तर कपडे इस्त्री करून ठेवते. मी भांडणार नाही. भांडले तर जुनी खोड समज.

सासू


२१ सप्टेंबर, रविवार

सूनबाई,

यादी लागली. अकरावं नाव मुंगीचं. पुढे कंसात लिहिलं आहे, 'देखरेखीखाली'. बाकी अकरांच्या पुढे काही नाही. वीजकामाचे सर म्हणाले, कंसाकडे बघू नका आजी, हाताकडे बघा. मी कंसाकडेच बघत होते. नवा कागद चढला तरी जुना त्याच्या खाली आहेच म्हणे, म्हणून लाल गोल पिवळा झाला, हिरवा नाही. हिरवा पुढच्या जूनमध्ये. पोरीला काही झालेलं नाही हे त्यांनी लिहून दिलं आणि तिला वर्षअखेरपर्यंत दर वेळी बोलावलंही आहे. मंगळवारवालीला आता पाचवी शाळा जोडली, त्यामुळे आपल्याकडे ती एक मंगळवार सोडून येणार. काल जिन्यात एक सातवीतला मुलगा भेटला, तीन आठवडे नंबर लावून बसला आहे. त्याला खरंच काहीतरी सांगायचं असणार, तोंडावरून दिसत होतं. त्याच्या वेळेत आमची मुंगी जाऊन पंखा बघत बसणार. हे कोणाला सांगायचं? मी शिपायाला सांगितलं.

१६ ला तू सव्वादहालाच फाटकाशी येऊन उभी होतीस, हेही त्यानेच सांगितलं.

बाकावर बाईंनी कागद तुझ्या हातात दिला आणि झोपेच्या पहिल्याच प्रश्नाला तुझं पेन थांबलं. चार वर्षांत तू तिला झोपलेली बघितली नाहीस. हे बघून मला बरं वाटेल असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. नाही वाटलं. म्हणून मी सांगत गेले आणि तू खुणा करत गेलीस. भिंतीकडे तोंड करून झोपते, ढाराढूर झोपते. पानातलं टाकत नाही. रागावली की नखं खाते. आणि सव्विसाव्या प्रश्नाला आपण दोघी अडलो, मनातलं कोणाशी बोलते का. "आई, काय लिहू?" म्हणालीस. मला माहीत नव्हतं. चार वर्षं एका खोलीत राहून मला माहीत नव्हतं. दारातून मुंगी म्हणाली, "कधीकधी लिहा," तेव्हा कुठे तुझं पेन हललं.

बसथांब्यावर तू विचारलंस, "आई, खरंच रोज?" बस आली म्हणून मी सुटले. तेव्हा रोजच होतं. आता अधूनमधून. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली आहे, दवाखान्यात गुरुवारी मोठ्या माणसांचं ऐकणारी एक बसते. या गुरुवारी जाऊन आले. रांग बघितली आणि परत फिरले. पुढच्या गुरुवारी लवकर जाईन. जाईन म्हटलं की जाते मी, तुला ठाऊक आहे.

मुंगीला अकराचे दोन कसे झाले ते सांगितलं. तू सांगायला नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आई त्या दिवशी आली होती?" म्हटलं, आली होती. त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढलंय, दार लाव, एवढंच. चार दिवस झाले. मी तिच्या जागी असते तर चार महिने बोलले नसते, तेव्हा तक्रार नाही.

तू तिला लगेच नेलं नाहीस, कार्यशाळा इथे आहे म्हणालीस. माझ्यावर उपकार म्हणून तसं म्हणाली नाहीस हे मला कळतं. तेच बरं.

सुट्टी १८ ऑक्टोबरला लागते, त्याच दिवशी तिला बसवून देते. सकाळची सातची बस. एकवीस दिवस तुझ्याकडे राहील. चष्म्याचा जास्तीचा जोड पिशवीच्या आतल्या कप्प्यात असेल. गोड बोलून काही काढायला जाऊ नकोस. त्या दिवशी तू चार वेळा 'कशी आहेस' विचारलंस आणि चार वेळा 'बरी' आलं, मी मोजत होते. घरात मिक्सर, टॉर्च, रेडिओ, काही बिघडलेलं पडलं असेल तर दुरुस्तीला टाकू नकोस. तिच्यापुढे ठेव, आणि तुझं काही काम घेऊन शेजारी बस. हात चालू झाले की ती आपणहून बोलते.

काहीच बिघडलेलं नसेल, तर ती यायच्या आत एखादं बिघडवून ठेव.

सासू